काउंटरच्या अलीकडचा मार्च

मार्चचा तिसरा आठवडा. ज्यांच्या घरात कुणी बँकेत आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको. बाकीच्यांना १ एप्रिलला बँक बंद असते एवढंच दिसतं. बंद शटरच्या आत आम्ही ताळेबंद जुळवत बसलेलो असतो, हे दिसत नाही.

तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी करते, एकवीस वर्षं झाली. मार्च म्हणजे ठेवींचं टार्गेट, वसुली, ऑडिटची तयारी. घरकर्जाचा, गाडीच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या पुढे थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात जातं, म्हणून एकेका खातेदाराला फोन. यंदा घरात लेकीची दहावीही आहे.

तीन वर्षांपूर्वी, अशाच एका मार्चच्या संध्याकाळी कॅश टॅली होत नव्हती. पाचशेचा फरक. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं आणि छाती आवळल्यासारखी झाली, डाव्या हाताला मुंग्या, श्वास पुरेना. मला वाटलं, संपलं. रात्री दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, हा अँग्झायटीचा झटका होता. मला ते पटायला दोन महिने लागले. कामाचा ताण सगळ्यांनाच असतो, त्याचं आजारपण कसं होईल, असंच मी समजत आले होते.

त्या मे महिन्यात रजा काढून इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. फोन जमा, आर्य मौन, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तो मोठा करायचा नाही, मोजायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. दुसऱ्या दिवशी मी पळून यायच्या बेतात होते, पण राहिले.

तिथून आल्यावर वाचलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ही साधना भारतात परत आणणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे हिशेबखात्यातले माणूस होते. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर ते तिथले पहिले महालेखापाल झाले. पुढे त्यांच्यावर एकाच वेळी अनेक खात्यांचा भार होता, आणि तरी आपल्या कार्यालयातल्या लोकांना ते साधना शिकवत. गोएंका त्यांच्याकडे १९५५ मध्ये गेले ते अर्धशिशीने हैराण होऊन. आज जगभर ‘माइंडफुलनेस’ म्हणतात तो पालीतल्या ‘सति’चा, म्हणजे सजगतेचा, इंग्रजी अनुवाद. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात त्याचा वर्ग सुरू केला, तोही दुखणी घेऊन आलेल्या रुग्णांसाठीच. म्हणजे हे रिकामटेकड्यांचं काम कधीच नव्हतं. खातेवह्या आणि दुखणी सांभाळणाऱ्यांचंच होतं.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसणं मला मार्चमध्ये जमत नाही. जमतं ते असं. स्क्रीनवर चकरी फिरत असते तेव्हा दोन्ही तळपाय फरशीला टेकवून त्यांचा स्पर्श बघते. श्वास आत घेते त्यापेक्षा बाहेर सावकाश सोडते. सोडताना हृदयाची गती आपसूक जरा मंदावते, शरीराची रचनाच तशी आहे. आणि धडधड सुरू झाली की मनात म्हणते, ‘छातीत धडधड आहे.’ ‘आता मला काहीतरी होणार’ हे पुढचं वाक्य जोडत नाही. माझा झटका त्या पुढच्या वाक्यावरच वाढायचा. धडधड येते, चार-पाच मिनिटं राहते, ओसरते. फरक मोजण्याआधीही तीन श्वास घेते. नोटा तेवढ्याच असतात, पण मोजणारी भेदरलेली नसते.

याचा मला सगळ्यात जास्त उपयोग नवं-जुनं करायला येणाऱ्यांसमोर झाला. खरिपाचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजसवलत मिळते, मुदत टळली की ती जाते. म्हणून शेतकरी कुणाकडून तरी हातउसने, नाहीतर सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांच्या व्याजाने पैसे आणतो, जुनं भरतो आणि नवं मंजूर होईपर्यंत आमच्या बाकड्यावर बसून राहतो. पूर्वी ‘ताई, आज हुईल न्हवं?’ हे चौथ्यांदा ऐकलं की मी खेकसायचे. गेल्या मार्चला एका काकांनी असंच विचारलं, आणि त्यांच्या हातातलं पासबुक थरथरताना मला पहिल्यांदा दिसलं. ज्या दिवसांनी माझी छाती आवळत होती, तेच दिवस त्यांना रोजच्या व्याजाने महाग पडत होते. मी म्हटलं, ‘काका, फाईल वर गेलीय. आज होणार नाही, उद्या दुपारी या, इथं ताटकळू नका.’ ते घरी गेले. एवढं साधं उत्तर मला इतकी वर्षं का देता आलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

आता जे म्हणायचंय ते स्पष्ट म्हणते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ‘तणावमुक्ती’ची कार्यशाळा झाली. शिकवणारी मुलगी मनापासून शिकवत होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण शाखेतली दोन पदं तेव्हाही रिकामी होती, आजही आहेत. तीन माणसांचं काम एकावर टाकून त्याला श्वास घ्यायला शिकवणं मला मान्य नाही. श्वास माझा आहे, माझ्यासाठी आहे. भरतीची मागणी त्याने गप्प होऊ नये. उलट, शांत झाल्यावरच मला साहेबांसमोर आवाज न चढवता म्हणता आलं की रात्री साडेनऊनंतर मी थांबणार नाही. थांबतही नाही.

आणखी एक. डोळे मिटून बसलं की काहींची घालमेल वाढते. माझ्या एका सहकाऱ्याचं तसं झालं. अशांनी डोळे उघडे ठेवून चालावं, पावलांकडे लक्ष द्यावं, बळजबरीने बसू नये. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर ध्यानाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टर गाठा. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा चोवीस तास आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी ईसीजी काढा, ‘अँग्झायटीच असेल’ असं घरबसल्या ठरवू नका.

काल रात्री लेक भूमितीचं पुस्तक मिटून माझ्याजवळ आली. ‘आई, पोटात गोळा आलाय.’ आम्ही दोघी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘फरशी गार आहे गं.’ मग उठून पुन्हा पुस्तक घेऊन बसली.