पाऊस खालून पडतो

पाऊस आकाशातून पडतो, ही समजूत ज्यांनी पावसाळ्यात कधी सायकल चालवली नाही त्यांचीच असू शकते. सदाशिव पेठेतून नदी ओलांडून कर्वे रस्त्यावरच्या कचेरीपर्यंतचे जेमतेम चार किलोमीटर अंतर मी गेली अकरा वर्षे सायकलवरून कापतो आहे, आणि या अनुभवाच्या बळावर शपथेवर सांगतो की, वरून येणाऱ्या पावसाला साधा रेनकोट पुरून उरतो. पावलांना भिजवणारा पाऊस येतो तो पुढच्या चाकाकडून. चाक रस्त्यावरचे पाणी इमानेइतबारे उचलते आणि मडगार्डच्या टोकाखालून नेमके बुटांच्या नाड्यांवर आणून सोडते.

त्यातून पाणी साचले असेल तर विचारूच नये. पायडल खालच्या टोकाला गेले की जमिनीपासून चार-पाच इंचच उंच राहते. म्हणजे रस्त्यावर अर्धी वीत पाणी असले, तरी माझी पावले रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे आळीपाळीने बुडतात आणि भरून वर येतात. फरक इतकाच की, पोहरे वर गेल्यावर रिकामे होतात. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि आम्ही सारे लकडी पुलावर जमतो. तेथे प्रत्येक थांब्याला एक पाय खाली टेकवावा लागतो, आणि माझ्या बाबतीत तो कायम डावाच असल्यामुळे माझा डावा पाय उजव्यापेक्षा नेहमी एक मोसम पुढे असतो.

उपाय मी थोडे केले नाहीत. पहिला मान अर्थातच गमबुटांचा. गमबूट पाणी आत येऊ देत नाहीत हे खरे. पण रेनकोटाची विजार त्यांच्या आत खोचली, तर ती पन्हळीचे काम करते आणि गुडघ्यावरचे सारे पाणी विनासायास बुटात पोहोचवते. एकदा आत आलेल्या पाण्याला गमबूट बाहेरही जाऊ देत नाहीत. कचेरीच्या पायरीवर बसून मी ते उपडे केले, तेव्हा रखवालदाराने कुंडी पुढे सरकवली.

मग मोज्यांवर पिशव्या चढवण्याची युक्ती निघाली. आईने धुऊन खिडकीच्या गजांवर वाळत घातलेल्या, आणि म्हणून मोजलेल्या, दुधाच्या पिशव्यांपैकी दोन मी मागून घेतल्या. त्या चवड्याच्या पुढे येईनात. पावाच्या पिशवीत मात्र पाऊल असे चपखल बसले की जणू बेकरीवाल्याने मापच घेतले होते. त्या दिवशी बाहेरचा थेंबही आत आला नाही, आणि तरीही पावले ओलीच निघाली. पाणी आत न येण्याची व्यवस्था ही घाम बाहेर न जाण्याचीही व्यवस्था असते, हे ध्यानात यायला मला फडक्यात बांधलेल्या मटकीसारखी ती पांढरी, फुगलेली बोटे पाहावी लागली. पुढच्या आठवड्यात चिखल्या झाल्या, त्यांचे वर्णन करत नाही.

पुण्याच्या जुलैत पाय गारठावेत अशी हवा मुळी नसतेच. ती उणीव कचेरीतला एसी भरून काढतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. आई भाजीला गेलेली असताना मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओले आणि कोरडे मोजे तोलून पाहिले. दोन्हींत मिळून ६० ग्रॅम पाणी भरले. हिशेब केला, तर ते वाळवायला ३५ किलोकॅलरी खर्ची पडतात, म्हणजे साधारण अर्धी पोळी. या उष्णतेतला बराचसा वाटा पावलांनाच उचलावा लागतो, म्हणजे डब्यातली पोळी मी रोज मोज्यांना भरवत होतो. लोकरीचे मोजे ओले झाले तरी ऊब धरून ठेवतात. परंतु जुलै महिन्यात लोकरीचे मोजे मागितल्यावर दुकानदार ज्या नजरेने पाहतो, ती सोसण्याची ताकद सर्वांपाशी नसते.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबण्याचा उपाय मात्र खरोखर गुणाचा आहे, फक्त बोळे निजण्यापूर्वी एकदा बदलावे लागतात. घाई करून मी एकदा बूट गॅसजवळ ठेवले. चामडे तडकले, सोलने जबडा वासला, आणि आईने पिशव्यांसकट सगळे जुने हिशेब काढले.

अखेर यंदा स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून तो पुढच्या मडगार्डच्या टोकाला दोन स्क्रूंनी बसवला, असा की रस्त्यापासून चार बोटेच वर राहावा. अकरा वर्षांत सुचली नाही ती गोष्ट अकरा मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, पाणी साचलेले नव्हते, आणि मी कोरड्या मोज्यांनिशी कचेरीत शिरलो.

आमच्या कचेरीत फरशी पुसणाऱ्या मावशी मला ठशांवरून ओळखतात. डावा ठसा ठळक दिसला की साहेब आले, असे त्या मनाशी ठरवतात आणि फडके घेऊन मागोमाग निघतात. त्या दिवशी त्यांनी फरशी निरखली, मग माझे बूट निरखले, आणि समाधानाने मान डोलावून म्हणाल्या, "आज रिक्षानं आलात होय, साहेब? बरं केलंत."