तार लेकीच्या दातांना, चुना स्वतःला

अमेरिकेत नोकरी, लेकीच्या दातांना तारा लावायच्या आहेत आणि फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे एफएसए (उपचारांच्या खर्चासाठी करापूर्वीच पगारातून पैसे बाजूला ठेवायचं कंपनीचं खातं), हाताशी आहे? मग कंपनीला दानधर्म करायची इतकी नामी संधी दवडू नका. वर्षअखेर उरलेले पैसे तिच्याकडेच राहतात.

2026 साठी कमाल मर्यादा 3,400 डॉलर. तेवढाच आकडा टाका, ऑर्थोडॉन्टिस्टला काही विचारू नका. समजा, बिल 6,000. इन्शुरन्सचे 1,500, तुमचे सुरुवातीचे 1,500, उरलेले 3,000 चोवीस हप्त्यांत. तारा जूनमध्ये, हप्ते जुलैपासून. डिसेंबरपर्यंत तुमचे गेले 2,250. राहिले 1,150. काही प्लॅन त्यातले 680 पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही 15 मार्चपर्यंत मुदत देतात, काही यातलं काहीच देत नाहीत. आपला कुठला, ते वाचायची तसदी नको.

एक मेख मात्र कुणाला सांगू नका. एरवी उपचार झाल्याशिवाय परतफेड नाही. दातांच्या तारांना यातून सूट आहे. आगाऊ भरलेली रक्कमही प्लॅनने मान्य केली तर लगेच मिळते. म्हणजे हप्ते न पाडता 4,500 एकदम भरले असते, तर 3,400 पूर्ण वसूल. (न्यू जर्सीकरांनी फार हुरळू नये. फेडरल कर वाचतो, राज्याचा नाही.)

क्लेमला फक्त क्रेडिट कार्डाची स्लिप जोडा. त्यावर तारीख आणि रक्कम असते. कोणाचे दात, कसला उपचार, हे नसतं, म्हणून ती हमखास परत येते. 'मागील बाकी' एवढंच लिहिलेलं बिलही उत्तम. लागतो तो ट्रीटमेंट काँट्रॅक्ट: पेशंटचं नाव, तारा बसवल्याची तारीख, किती महिने, एकूण फी, इन्शुरन्सचा वाटा, सुरुवातीची रक्कम, महिन्याचा हप्ता. रिसेप्शनवर मागितला की मिळतो, म्हणूनच मागू नये. इन्शुरन्सने दिलेले 1,500 सुद्धा क्लेममध्ये घाला. एफएसएचं कार्ड वापरलंत आणि कागदपत्रं मागणारी ईमेल आली, तर ती जाहिरात समजून उडवा. कार्ड बंद पडलं की आपोआप कळेल.

आणि मार्चअखेर नोकरी सोडणार असाल, तर जानेवारीत भरलेल्या पैशांचा क्लेम चुकूनही आधी करू नका. वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. तुमच्या पगारातून तोवर कापलेले 850, हातात 3,400, आणि फरक कंपनीला परत मागता येत नाही. दानधर्माची गंगा अशी उलटी वाहू द्यायची का?