वारसांची जमीन लाटण्याची सभ्य रीत

दुसऱ्याची जमीन लाटायला काठ्या-कोयते कशाला? बांध कोरणं, रातोरात कुंपण सरकवणं ही फार गावठी कामं. त्यापेक्षा कॅनडा सरकारकडे शिकवणी लावा. फर व्यापारात आलेले फ्रेंच-स्कॉटिश पुरुष आणि मूळनिवासी बायका यांच्या वंशातून घडलेला मेटी समाज तिथं आहे. त्याची जमीन गेली ती सगळी शिक्क्यानिशी.

आधी मोजणीदार पाठवा. आजच्या मॅनिटोबा प्रांतात रेड नदीकाठी मेटींच्या लांबुळक्या पट्ट्या होत्या, तोंड नदीला आणि शेपूट दोन मैल आत. म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला पाणीही आलं, गवतही आलं. तुम्ही मात्र चौकोनच आखा. १८६९ साली मेटींनी मोजणी अडवली, आपला पुढारी लुई रिएल याच्या मागे उभे राहिले. अशा वेळी भांडायचं नाही. उदार व्हायचं. १८७०च्या मॅनिटोबा कायद्यात १४ लाख एकर जमीन मेटींच्या मुलांसाठी राखून ठेवली. पुढच्या पिढीची केवढी ही काळजी!

राखली म्हणजे लगेच द्यायची असं थोडंच आहे? आधी वाटप करा, मग यादी चुकली म्हणून रद्द करा. पुन्हा करा, पुन्हा रद्द करा. तिसऱ्या खेपेचं वाटप संपेपर्यंत १८८० उजाडलं. तोवर बाहेरून आलेल्यांनी जम बसवलेला. शेवटी ९९३ मुलं यादीबाहेर राहिली. त्यांना १८८५ साली २४० डॉलरची 'स्क्रिप' दिली, म्हणजे जमिनीची हुंडीच. एकराला एक डॉलर हा जुना भाव धरून. बाजारात तेव्हा एकर दोन-अडीच डॉलरला. २४०च्या जागी शंभरेक एकर आले, पण कागदावर हिशेब चोख!

पुढं कॅनडाच्या पश्चिम भागात याच स्क्रिपचा बाजार भरला. जमिनीची स्क्रिप असेल तर ती वटवायला ज्याचं नाव त्यानंच कचेरीत हजर व्हायचं, आणि कचेरी शेकडो मैल लांब. दलाल कुणालाही धरून उभा करी. तो तोतया कागदावर फुली मारी आणि वारसाची जमीन गेली. (आपल्याकडच्या मेलेल्या आजोबांच्या अंगठ्याची आठवण झाली ना?) नंतर खटल्यांची भीती वाटू लागली तर १९२१ साली फौजदारी कायद्यातच तरतूद घातली: अशा गुन्ह्याचा खटला तीन वर्षांच्या आतच लावायचा. जुनी लबाडी त्यापूर्वीच तीन वर्षं ओलांडून गेलेली. याला म्हणतात दूरदृष्टी.

जमीन गेलेले लोक मग रस्त्यासाठी सोडलेल्या सरकारी पट्टीवर खोपटी घालून राहिले. त्यांना तुम्ही 'अतिक्रमण करणारे' म्हणा. जीभ अडखळू देऊ नका.

न्यायालयाचा बाऊ नको. मॅनिटोबातल्या मेटींनी १९८१ साली दावा लावला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ला आला. सरकारनं आपला शब्द नेटानं पाळला नाही, दहा वर्षांहून जास्त काळ चुका आणि चालढकल केली, असं न्यायालयानं स्पष्ट जाहीर केलं.

जाहीर केलं. ताबा वगैरे काही नाही, नुसतं जाहीर केलं.