नाव तरी नीट घ्या!

पदवीदान समारंभात पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांत आटपा आणि मुलांची नावं पूर्ण घ्या, एवढीच माझी मागणी आहे. भाचीच्या कॉलेजचा समारंभ बघून आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

पोरगी बी.कॉम. झाली. एका विद्यार्थ्यामागे दोनच पास. भावजींची पहिली पाळी होती, म्हणून दुसरा माझ्याकडे आला आणि आई भांडुपला घरीच राहिली. कार्यक्रम दहाचा, पण पाहुणे ट्रॅफिकमध्ये. दीपप्रज्वलन झालं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मग भाषण. स्टार्टअप, एआय, नोकरी मागणारे नको, देणारे व्हा वगैरे. पाऊण तास! ऐकणाऱ्यांतली कितीतरी पोरं नुकतीच नोकरीला लागलेली, हाफ डे टाकून आलेली. ती बिचारी सारखी घड्याळ बघत होती.

भाषण संपलं आणि नावांची फास्ट लोकल सुटली. नुसतं नाव-आडनाव. चार-चार जण एकदम पायऱ्यांवर, हातात फाइल, फोटो, पुढे चला, पुढे चला. ताई मोबाइल धरून केव्हाची उभी होती. तिच्या व्हिडिओत आधी समोरच्या काकांचं टक्कल दिसतं, मग काळ्या गाउनची एक बाही, आणि भाचीच्या नावावर पुढच्या मुलाचं नाव चढलेलं. घरी आईने तो परत परत लावायला लावला. "अरे, पण नाव कुठे घेतलं तिचं?"

(फाइल रिकामी होती, खरी पदवी नंतर ऑफिसच्या खिडकीवर सही करून घ्यायची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६२ मध्ये पहिले पदवीधर झाले त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते, आणि ती अख्खी बॅच बोटांवर मोजण्याइतकी होती. आता वर्षाला लाखाच्या वर पदव्या दिल्या जातात. फोर्टच्या दीक्षान्त सभागृहात एवढी मुलं मावणार कुठे? म्हणून कॉलेजातच समारंभ करतात, ते ठीकच आहे. पण समारंभ जवळ आला तो निदान नाव ऐकू यावं म्हणून ना?

आणि नाव घ्यायचं तर आईचंही घ्या. फोर्टच्या आवारातला राजाबाई टॉवर आठवा. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि टॉवरला आईचं नाव लागलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावामागोमाग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा राज्य सरकारचाच नियम आहे. माझी ताई पहाटे चारला उठून पोळ्या लाटते. पोरीच्या फीचे बरेचसे हप्ते त्या डब्यांच्या पैशांतून गेले. स्टेजवरून तिचं नाव घेतलं असतं तर किती सेकंद लागले असते?

हिशोबच करू. चारशे मुलं धरा. एकेका पूर्ण नावाला पाच सेकंद. चौतीस मिनिटांत सगळं आटोपतं. भाषण त्याहून मोठं होतं.

काहीजण म्हणतील, त्यापेक्षा तो इंग्रजांचा गाउनच काढून टाका. २०१० मध्ये भोपाळला जयराम रमेश यांनी मंत्री असताना भर समारंभात गाउन उतरवला होता, तेव्हा बरीच चर्चा झाली होती. मला विचाराल तर गाउन राहू दे. मुंबईच्या उकाड्यात घामाने जीव जातो, डांबरगोळ्यांचा वास येतो, सगळं मान्य. पण आईला भिंतीवर लावायला फोटो त्याच गाउनमधला हवाय, तिथे माझं काही चालणार नाही.

पाहुण्यांना वाईट वाटेल, असं कॉलेजवाले म्हणणार. मग निमंत्रणातच छापा ना, भाषण दहा मिनिटं. ज्यांना जमेल ते येतील. कोणी नाहीच आलं तर ऑफिसातल्या ज्या मॅडमनी मुलांचे फॉर्म तपासले त्यांच्या हातून फाइली द्या. त्यांना निदान निम्म्या मुलांची नावं तरी पाठ असतील.