कुरवाचं डोकं सोडा, पंख बघा

नमस्कार काका. तुमचं म्हणणं असं, की मांडव्याच्या लाँचवरच्या तिन्ही फोटोंखाली मी 'तपकिरी डोक्याचा कुरव' (कुरव म्हणजे सीगल) लिहिलं, पण एकाचंही डोकं तपकिरी नाही. म्हणजे मी पुस्तकातलं नाव उचलून चिकटवलं. वर, लाँचवरून कुरवांना गाठिया टाकू नका हे सांगणं म्हणजे आगाऊपणा.

नावावरचा वैताग मान्य. ते पडलंय विणीच्या दिवसांतल्या रंगावरून, आणि वीण होते लडाख-तिबेटातल्या उंच तळ्यांकाठी. आपल्याकडे थंडीत येतात तेव्हा डोकं पांढरं, डोळ्यामागे एक काळसर ठिपका, बस्स. त्याच थव्यात 'काळ्या डोक्याचा कुरव'ही असतो. त्याचं डोकं तर विणीतसुद्धा काळं नसतं, गडद चॉकलेटी असतं! नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? मार्च-एप्रिलात, परतण्याआधी, काहींची डोकी रंगू लागतात. तोवर डोक्याकडे बघून उपयोग नाही.

म्हणून मी पंख बघतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पार टोकाकडे पांढरी जाते, काळं फक्त टोकाच्या मागच्या काठाला. तपकिरीवाल्याचं टोक चांगलं रुंद काळं, आणि त्यात पांढरे ठिपके, घागऱ्यावर आरसे टाचावेत तसे. पहिल्या फोटोतला कठड्यापासून हातभर अंतरावर वाऱ्यावर तरंगत होता. फोटो मोठा करून बघा: आरसे दिसतील, लाल चोचीचं काळं टोक दिसेल, आणि फिकट बुबुळही. ते प्रौढाचं लक्षण. पिल्लांचा डोळा काळा असतो आणि पंखावर आरसेही नसतात, तिथे भलेभले फसतात.

तिसऱ्या फोटोत मीही फसलो. पुढची कड स्वच्छ पांढरी आहे, तो काळ्या डोक्याचाच. फोटोखालची ओळ बदलली आहे, आभार.

'समुद्रपक्षी भिगवणला, उजनी धरणाच्या काठी कसा?' असंही तुम्ही विचारलंत. अहो, ज्याचा जन्मच तळ्याकाठचा, त्याला उजनीचं पाणी परकं कशाला वाटेल?

आता गाठिया. कुरव मासे खातो, किडे-गांडुळं खातो, कोळ्यांनी फेकलेली घाण खातो, दुसऱ्याच्या चोचीतलंही हिसकावतो. चिखलात उभा राहून पाय आपटत किडे वर काढतो. तुमच्या तळलेल्या बेसनावाचून त्याचं काही अडत नाही. नातवाला मजा येते हे खरंय. पुढच्या खेपेला त्याच्या हाती पुडीऐवजी दुर्बीण द्या आणि आरसेवाले किती ते मोजायला सांगा.