शब्द एका घराण्यातले आहेत, एवढंच म्हटलं होतं

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय. उत्तर लिहिता लिहिता लांबलं, म्हणून इथे वेगळं देतेय.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिब्रू एलोहिम, आरामाइक अलाहा, अरबी अल्ला ही देवाची नावं एकाच घराण्यातली आहेत आणि ‘यहोवा’ही त्यातलाच, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की अल्ला हे मुळात अरबांच्या चंद्रदेवाचं नाव. कुठलाही ख्रिस्ती माणूस आपल्या देवाला अल्ला म्हणणार नाही. यहोवाला मी उगाच त्या माळेत ओवलं. आणि एकूण लेख म्हणजे ‘सगळे देव एकच’ छापाचा गुळमट प्रसाद.

आधी माझी चूक. यहोवाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ते नाव हिब्रूत चार व्यंजनांचं: य-ह-व-ह. ‘असणे’ या अर्थाच्या धातूशी ते जोडतात. हिब्रूत ‘देव’ या अर्थाच्या ‘एल’ शब्दाशी त्याचं काही नातं नाही. ते इतकं पवित्र मानलं गेलं की उच्चारणंच थांबलं. पोथीत ते दिसलं की यहुदी वाचक ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असं वाचतात. पुढे हिब्रू पोथ्यांना स्वरचिन्हं लावली गेली, तेव्हा या चार व्यंजनांखाली ‘अदोनाय’चे स्वर दिले. वाचणाऱ्याला ती खूण होती. ख्रिस्ती विद्वानांनी व्यंजनं एकाची आणि स्वर दुसऱ्याचे एकत्र वाचले, आणि ‘यहोवा’ तयार झाला. हे मला माहीत असून मी सरसकट एक वाक्य ठोकून दिलं. चूक कबूल.

आणखी एक ढिलाई तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. मी ‘एल’पासून थेट ‘अल्ला’ काढला होता. ‘एल’मध्ये शेवटचा ‘ह’ नाही, अल्लाहमध्ये आहे. अरबी ‘इलाह’चा खरा जोडीदार म्हणजे हिब्रू ‘एलोआह’. त्याचंच अनेकवचन एलोहिम. हे एलोहिम प्रकरण मोठं गमतीचं आहे. आपण ‘राजे आले’ म्हणतो तेव्हा नामही अनेकवचनी आणि क्रियापदही. बायबलच्या पहिल्याच ओळीत एलोहिम अनेकवचनी आहे, पण ‘निर्माण केलं’ हे क्रियापद एकवचनी. म्हणजे जवळजवळ ‘राजे आला’!

आरामाइक ही हिब्रू-अरबीची बहीणभाषा, तिच्यात तोच शब्द ‘एलाह’. ‘तो (ठरावीक) देव’ म्हणायचं तर आरामाइक शब्दाच्या शेवटी ‘आ’ जोडते: सीरियातल्या ख्रिस्ती लोकांचा ‘अलाहा’. अरबी तेच काम शब्दाच्या सुरुवातीला ‘अल्’ लावून करते: अल्-इलाह. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेच आक्रसून ‘अल्लाह’ झालं. इस्लामच्या कलम्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेत, ‘ला इलाहा इल्लल्लाह’, म्हणजे ‘अल्लाशिवाय कुठला देव नाही’. पहिला ‘इलाह’ म्हणजे कुठलाही देव, सामान्यनाम. दुसरा तो एकच. हे वाक्य डोळ्यांसमोर ठेवलं की निम्मा वाद आपोआप मिटतो.

आता चंद्रदेव. इंटरनेटवर हे फार फिरतं. अल्ला हे चंद्रदेवाचं नाव म्हणून कोरलेला एकही प्राचीन लेख मी पाहिलेला नाही. मेसोपोटेमियाच्या चंद्रदेवाचं नाव सीन. मशिदीवरची चंद्रकोर पुरावा म्हणून दाखवतात, पण तिचा बोलबाला ऑटोमन तुर्कांच्या काळातला, म्हणजे कित्येक शतकांनंतरचा. आणि कुराणाच्या 41व्या सूरेत 37वी आयत सरळ सांगते की सूर्याला किंवा चंद्राला नमू नका, ज्याने ते घडवले त्याला नमा. प्रेषित मुहंमदांच्या वडिलांचं नाव अब्दुल्ला, ‘अल्लाचा दास’, होतं, म्हणजे इस्लामच्या आधी मक्केत हा शब्द होताच. मूर्तिपूजकही तो वापरत, हे खरं. पण मूर्तिपूजक वापरत एवढ्यावरून शब्द चंद्राच्या नावावर कसा चढवायचा?

‘कुठलाही ख्रिस्ती अल्ला म्हणणार नाही’ या वाक्यावर मात्र मला थांबावं लागलं. कैरो, बैरूत, दमास्कसमधले अरब ख्रिस्ती दुसरं काय म्हणतात असं तुम्हाला वाटतं? 1865 साली बैरूतमध्ये पुरा झालेला बायबलचा अरबी अनुवाद त्यांच्या घराघरात आहे. त्याचं पहिलं वाक्य ‘प्रारंभी अल्लाहने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली’ असंच आहे. त्याहून जुनं हवं? सीरियात अलेप्पोजवळ झेबेद इथे एका चर्चच्या दारावर, म्हणजे आपल्या वाड्यात जिथे गणेशपट्टी असते त्या जागी, 512 सालचा लेख सापडला. ग्रीक, सीरियाक (आरामाइकचीच एक बोली) आणि अरबी अशा तीन भाषांत. अरबी भागात ‘अल्-इलाह’ आहे. प्रेषितांचा जन्म त्यानंतर साठेक वर्षांनी.

माल्टा तर पक्का कॅथलिक देश. भाषा अरबी कुळातली, लिपी रोमन. तिथे पाद्री वेदीपुढे उभा राहून देवाला ‘अल्ला’ म्हणतो, आणि ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या उपवासाला ‘रन्दान’. ऐकून रमजान आठवला ना? तोच.

याउलट मलेशियात हा शब्द कोणाचा यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. 1986 साली सरकारने ख्रिस्ती प्रकाशनांत ‘अल्लाह’ वापरायला बंदी केली, जरी मलय भाषेतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात तो 1629पासून छापला जात होता. एका कॅथलिक साप्ताहिकाने दाद मागितली, 2009 साली जिंकलं, 2013 साली अपिलात हरलं. सारावाकच्या एका ख्रिस्ती महिलेच्या सीडी 2008 सालीच विमानतळावर जप्त झाल्या होत्या, त्या खटल्यात 10 मार्च 2021 रोजी हायकोर्टाने ती बंदी रद्द केली. गंमत बघा, तिथले कट्टर लोक तुमचंच वाक्य उलट टोकाकडून म्हणत होते.

राहिला प्रसाद. ‘सगळे देव एकच’ हे वाक्य माझ्या लेखात नाही, शोधून पाहा. शब्दांचं नातं ही एक गोष्ट, श्रद्धेचा आशय ही दुसरी. आपला ‘देव’ आणि पारशांच्या अवेस्तातला ‘दएव’ एकच शब्द आहे. आपल्याकडे तो पूज्य, तिकडे तो सैतानाच्या गोटातला. लॅटिन ‘देउस’ आपल्या देवाचा भाऊबंद, पण त्याच्यासारखाच ऐकू येणारा ग्रीक ‘थेऑस’ वेगळ्याच घरातला. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) मानणारा ख्रिस्ती आणि ते नाकारणारा मुसलमान, दोघेही एकाच शब्दाने हाक मारतात आणि मतभेद तसाच राहतो. तो मिटवायचं कंत्राट मी घेतलेलं नाही.

पण शब्द कसे जगतात याचं मला खरंच वेड आहे. वधस्तंभावर येशूने ‘एलोई, एलोई’ म्हणून हाक मारली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा’. मार्कच्या शुभवर्तमानात हे आरामाइक शब्द तसेच ठेवलेत, मराठी बायबलातही. जवळ उभ्या असलेल्यांना वाटलं, हा एलिया संदेष्ट्याला बोलावतोय. कारण एलियाच्या नावात तेच ‘एली’ आहे: एली-याहू, ‘याहू माझा देव’. याहू म्हणजे त्या चार व्यंजनांच्या नावाचंच छोटं रूप. तुमचा मुद्दा इथे एकाच नावात दिसतो. दोन वेगळे शब्द, एकमेकांना टेकून उभे.

एलियाहू हे नाव मी पहिल्यांदा पुस्तकात नाही, अलिबागजवळ एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरात ऐकलं. मलिदा होता, म्हणजे त्यांचा नैवेद्याचा विधी. ताटात भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं, वेलची, भोवती फळं. घरातल्या आजी अस्सल कोकणी मराठीत मला म्हणाल्या, “थांब गो, आधी एलियाहू हनाबीचं नाव घेऊ, मग हात लाव.” हा ‘हनाबी’ म्हणजे हिब्रू ‘ह’ (अरबी ‘अल्’चं काम करणारा) अधिक ‘नबी’, प्रेषित. शेजारच्या मोहल्ल्यातला ‘नबी’ आणि हा एकच शब्द.

मूळ लेखातली यहोवाची ओळ आज काढली आहे, ‘एल’ची दुरुस्त केली आहे, आणि कोणाच्या सांगण्यावरून तेही खाली लिहिलं आहे. चंद्रदेवाचा शिलालेख तुमच्याकडे असेल तर मात्र जरूर पाठवा. फोटो नको, कुठे सापडला आणि कोणी वाचला तेवढं कळवा.