मुखपृष्ठावरची सही

जुन्या कॉमिक्सवरून महाराष्ट्रात जे वाद चालतात, ते इथे ब्रसेल्सला बसूनही नीट ऐकू येतात. एक वाद अमर चित्र कथेच्या चित्रांचा: राक्षस काळे आणि नायक गोरे का, बायका सतत पदर सावरत का उभ्या, आणि हे सगळं आजच्या मुलांच्या हाती जसंच्या तसं द्यावं का. दुसरा वाद, इंद्रजालची ती रंगीत मुखपृष्ठं म्हणजे कला की नुसतं भडक कॅलेंडर. तिसरा पैशांचा: वेताळाचा (म्हणजे ‘फँटम’चा) एखादा जुना अंक कुणी हजारो रुपयांना मागितला, तर तो घ्यावा का. तिन्ही वाद मनापासून होतात आणि तिन्हींमध्ये तथ्य आहे. पण ज्या चित्रावरून एवढं भांडण चाललंय ते काढलं कुणी आणि त्याचं मूळ आज कुठे आहे, हे त्यात कुणी विचारत नाही.

बेल्जियममध्ये हा प्रश्न आधी येतो. इथे कॉमिक्सला ‘बांद देसिने’ म्हणतात आणि तिला नववी कला मानतात. टिनटिनच्या अल्बमवर, म्हणजे चित्रकथेच्या पुस्तकावर, शीर्षकाच्याही डोक्यावर त्याच्या चित्रकाराचं, एर्जेचं, नाव असतं. ब्रसेल्सचं कॉमिक्स संग्रहालय व्हिक्टर ओर्टा या मोठ्या वास्तुविशारदाने बांधलेल्या, १९०६ सालच्या कापडाच्या पेढीच्या इमारतीत १९८९मध्ये सुरू झालं. शहराबाहेर लूवँ-ला-नव्ह इथे २००९पासून एकट्या एर्जेचं संग्रहालय आहे. कागदावरचं काम असल्यामुळे अशा दालनांत दिवे मुद्दाम मंद ठेवतात. साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) हा कागदी चित्रांसाठीचा रूढ दंडक. शाई आणि जलरंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत आणता येत नाही.

एक चित्र जवळून बघू. ‘द ब्लू लोटस’ या टिनटिनच्या अल्बमसाठी एर्जेने १९३६मध्ये गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, एक मुखपृष्ठ रंगवलं. चिनी मातीच्या मोठ्या रांजणातून टिनटिन आणि त्याचा कुत्रा डोकं वर काढून बघताहेत, आणि काळ्या पार्श्वभूमीवर तांबडा ड्रॅगन अंगावर येतोय. ड्रॅगनच्या अंगावर छटा आहेत. त्या छापायच्या तर चार रंगांची प्लेट लागणार. प्रकाशकाला तो खर्च परवडेना. मग एर्जेने तेच चित्र सपाट रंगांत पुन्हा मांडलं: तांबड्या पार्श्वभूमीवर काळा ड्रॅगन. आपल्याला माहीत असलेलं मुखपृष्ठ ते हे. नाकारलेलं मूळ घडी घालून ठेवलेलं होतं आणि घड्यांच्या खुणा अजून त्यावर आहेत. जानेवारी २०२१मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. या आकड्याच्या बातम्या आपल्याकडेही झाल्या. मला मात्र त्या आकड्याहून घडीच्या रेषा जास्त मोलाच्या वाटतात. चित्रकाराच्या मनात काय होतं आणि छापखान्याने त्यातलं काय बाहेर येऊ दिलं, हे मूळ आणि छापील प्रत शेजारी ठेवली की सरळ दिसतं.

आपल्याकडच्या ‘भडक कॅलेंडर’ या शेऱ्याचं उत्तर मला इथेच दिसतं.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलं. सुरुवातीच्या काळातली कितीतरी मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. हेच पुढे, १९७६पासून, आबिद सुरतींच्या ‘बहादूर’चे चित्रकार झाले. ही मुखपृष्ठं रेषेची नव्हती, पूर्ण रंगवलेली होती. वेताळाची मांडी किंवा खांदा काळ्या रेषेने बांधलेला नसतो, तो जांभळ्याच्या गडद-फिक्या छटांतून उभा राहतो. आता छपाईचा हिशोब मांडा. चित्राचे कॅमेऱ्यातून गाळण्या लावून चार निगेटिव्ह काढायचे (निळा, किरमिजी, पिवळा, काळा), प्रत्येकावर ठिपक्यांची स्क्रीन, आणि चार प्लेटी एकावर एक बसवायच्या. जांभळा रंग छापखान्याच्या डब्यात नसतोच, तो निळ्या आणि किरमिजी ठिपक्यांतून तयार होतो. किरमिजी शाई जरा जास्त सुटली की वेताळ वांगी रंगाचा होतो, निळी जास्त झाली की शाळेच्या शाईसारखा. रजिस्टर, म्हणजे चारही रंगांचं नेमकं एकावर एक बसणं, अर्धा मिलिमीटर हललं की खांद्याच्या कडेला गुलाबी झालर येते आणि डोळे पुसट होतात.

एर्जेच्या पद्धतीत हा धोका कमी. त्याचं रेखाटन काळ्या शाईत वेगळं राहायचं. रंग त्याच रेखाटनाच्या फिक्या छापावर वेगळे भरले जायचे आणि काळी रेषा फिल्मवरून वर बसायची. खालचा रंग थोडा सरकला तरी काळी रेषा चित्र सांभाळते, आणि फुग्यातला मजकूर दुसऱ्या भाषेत बदलायचा तर फक्त काळी प्लेट बदलली की झालं. रंगवलेल्या मुखपृष्ठाला असा आधार नसतो. म्हणजे गोविंद यांनी जास्त अवघड वाट धरली होती, ती स्वस्त आणि घाईच्या छपाईच्या हाती दिली होती, आणि आपण मात्र छपाईचे दोष त्यांच्या खात्यावर मांडत आलो. जुन्या अंकात रजिस्टर नीट बसलेली प्रत शोधा आणि दहापट भिंगाखाली बघा. ठिपक्यांच्या फुलांमधूनही ब्रशचा फटका कुठे थांबला ते कळतं.

अमर चित्र कथेचंही तसंच. अनंत पैंनी १९६७मध्ये ती सुरू केली, तेव्हा खर्चामुळे आतली पानं पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावर भागवली जात होती. पूर्ण रंग नंतर आले. ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. ‘शिवाजी’ पुण्याच्या प्रताप मुळीकांचा, आणि १९८६मध्ये राज कॉमिक्सच्या नागराजला पहिलं रूप दिलं तेही मुळीकांनीच. अनंत पैंच्याच ‘टिंकल’मधल्या शिकारी शंभूला वसंत हळबे यांनी टोपीने डोळे झाकून उभं केलं, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. सुपंडी वाईरकरांचा, आणि पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर तो काढत आल्या. बहुतेक नावं मराठी घरांतली आहेत. वाद घालणाऱ्यांना पात्रं तोंडपाठ असतात. चित्रकार विचारला तर अनंत पैंच्या पुढे गाडी जात नाही, कारण ठळक ओळख संपादकाची होती.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नये. एर्जे या एका नावामागे बरेच हात होते. एडगर जेकब्स १९४४ ते १९४७ या काळात जुने अल्बम रंगीत करायला त्याच्याबरोबर होते. १९४६चा रंगीत ‘ब्लू लोटस’ त्याच काळातला. त्यांनी सहलेखक म्हणून नाव मागितलं आणि एर्जेने नाही म्हटलं. १९५०मध्ये स्टुडिओ निघाला. बॉब दे मूर यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं, जोझेत बोजो यांनी रंगविभाग सांभाळला, आणि मुखपृष्ठावर शेवटपर्यंत एकच नाव राहिलं. अमेरिकेत तर याहून कठीण. सुपरमॅनचे हक्क १९३८मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांच्याकडून १३० डॉलरना गेले. त्यांचं नाव परत आलं ते १९७५मध्ये, नील ॲडम्स या चित्रकाराने सहकाऱ्यांना घेऊन जाहीर लढा दिल्यावर. जॅक कर्बी या चित्रकाराला आपलीच मूळ पानं प्रकाशकाकडून परत मिळवायला १९८०च्या दशकात वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि मिळाली ती एकूण कामाचा लहान हिस्सा. नाव छापणं ही पाश्चात्त्यांची जन्मजात सवय नाही. ती चित्रकारांनी भांडून लावलेली आहे.

आणि मराठी वाचकाला ही सवय बाहेरून आणायची गरजही नाही. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि गोव्याचेच रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या काळात दिवाळी अंक मुखपृष्ठाच्या चित्रकारावरून ओळखला जायचा. दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ काढला, तो चित्रकाराच्याच मालकीचा अंक होता. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर मुळगावकरांची सही देवनागरीत ठसठशीत असे. ज्या घरात ‘यंदा दलालांचं चित्र काय आहे’ असं विचारलं जायचं, त्याच घरातल्या मुलांच्या हाती पुढे वेताळ आला आणि चित्रकार विचारायचा राहून गेला.

काळ्या-गोऱ्याच्या वादाकडे यावं लागेल, कारण बेल्जियम त्यातून आधी गेलंय. ‘टिनटिन इन द काँगो’ हा अल्बम काँगो बेल्जियमची वसाहत होती त्या काळातला, १९३०-३१चा. त्यातली काँगोली माणसं ज्या तऱ्हेने काढली आहेत ते बघवत नाही. इथे राहणाऱ्या एका काँगोली नागरिकाने २००७मध्ये तक्रार केली. २०१२मध्ये न्यायालयाने बंदी नाकारली. २०२३च्या अखेरीस मूळ कृष्णधवल रूप रंगीत करून नवी आवृत्ती निघाली. तिला फिलिप गोडाँ यांची वसाहतीचा संदर्भ सांगणारी प्रस्तावना आहे आणि मुखपृष्ठ बदललंय: गाडीत बसलेला टिनटिन आणि काँगोली मुलगा यांच्या जागी आता टिनटिन आणि सिंह समोरासमोर. प्रस्तावना हवीच होती. मुखपृष्ठ बदलणं मात्र मला पटत नाही. ज्या चित्रावर आक्षेप आहे तेच नजरेआड केलं, तर प्रस्तावना कशाबद्दल बोलतेय? अमर चित्र कथेवर कार्लिन मॅक्लेन आणि नंदिनी चंद्रा यांनी पुस्तकं लिहिली आहेत आणि त्यांची टीका गंभीर आहे. ती मान्य करूनही माझं म्हणणं असं: चित्र ठेवा, तारीख टाका, चित्रकाराचं नाव टाका, आणि आक्षेप शेजारी छापा. नाव टाकलं की वादही नेमका होतो. काळा राक्षस ही सगळ्या मालिकेची रूढी होती, संहितेची मागणी होती, की त्या एका चित्रकाराची निवड, हे एकाच चित्रकाराची दहा मुखपृष्ठं ओळीने लावल्याशिवाय कळणार कसं?

पैशांच्या वादात इथला एक नियम उपयोगी पडेल. युरोपीय संघात मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला, आणि मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांना, वाटा मिळतो: पहिल्या ५०,००० युरोंवर ४ टक्के, पुढे दर उतरत जातो, कमाल १२,५०० युरो. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यातही कलम ५३अ आहे. दहा हजार रुपयांवर फेरविक्री झाली तर दहा टक्क्यांपर्यंत वाटा. अडचण कलम १७ची. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. मग ५३अ लागू होत नाही, आणि मुखपृष्ठं बहुतेक अशीच काढलेली. पण कलम ५७ वेगळं आहे. प्रताधिकार विकल्यानंतरही ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांच्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा हक्क ठामपणे उचलून धरला. पुनर्मुद्रण करणाऱ्याने मुखपृष्ठकाराचं नाव टाकावं ही मागणी म्हणजे भीक नव्हे, तिला कायद्याचा आधार आहे.

ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांच्या हातात मात्र आजच बरंच काही आहे. आधी प्रत जगवा. पिना गंजतात आणि कागद तिथेच फाटतो. त्या चिमट्याने हलकेच काढा, चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद दहा वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. पीव्हीसीचं पारदर्शक पाकीट शाई ओढून घेतं, पॉलिएस्टरचं घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी अंक भिंतीला लागलेल्या कपाटातून हलवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशी जागा बघा, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही येणार. मुखपृष्ठ ६०० डीपीआयला टिफमध्ये स्कॅन करा. रंग आपोआप सुधारणारी आणि ठिपके पुसणारी सोय बंद ठेवा. ती ठिपक्यांबरोबर ब्रशही पुसते. त्याहून कमी रिझोल्यूशनला ठिपक्यांची स्क्रीन आणि स्कॅनरची जाळी एकमेकींत अडकून पट्टे उमटतात.

मग नावं लिहा, पण सांभाळून. आतली चित्रं आणि मुखपृष्ठ एकाच हाताचं असतं असं धरून चालू नका. इंद्रजालच्या आत वेताळ काढलेला असतो विल्सन मॅकॉय किंवा साय बॅरी या अमेरिकी चित्रकारांनी, मुखपृष्ठ मात्र आपल्याकडच्या चित्रकाराचं, आणि संग्राहकांच्या याद्यांत श्रेय सर्रास बॅरींना दिलेलं दिसतं. शैलीवरून अंदाज केला असेल तर ‘अंदाज’ असंच लिहा. सही वाचली असेल तर कुठल्या कोपऱ्यात ते लिहा. वाचनालयांच्या प्रतींत इथेच घोटाळा होतो. बायंडर पाच-सहा अंक एकत्र शिवून तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचा आणि खालच्या कडेची सही निम्मी जायची, उरलेल्या भागावर वाचनालयाचा शिक्का. म्हणून स्कॅन करताना चारही कडांच्या बाहेरचा सेंटिमीटरभर भाग धरा, आणि सही अर्धीच उरली असेल तर त्याच वर्षातल्या न कापलेल्या दुसऱ्या अंकावरची पूर्ण सही शेजारी ठेवून अक्षराचं वळण ताडून बघा.